माया आणि मोकळी हवा

व्हिडिओ गेमच्या कन्सोलबरोबर जी माहितीपुस्तिका येते, ती आमच्या घरात फक्त मी वाचतो. बाकीच्यांच्या मते ती वाचायची नसते. यंत्र जुनं झाल्यावर विकताना खोक्यात सापडावी म्हणून जपून ठेवायची असते. या पुस्तिकेत एक वाक्य आहे : हे यंत्र 5 ते 35 अंश सेल्सिअस तापमानात वापरावं. ते वाक्य मी मे महिन्यात, नागपुरात, भर दुपारी वाचलं. बाहेर पारा 45 च्या पुढे गेलेला, आणि घरात पश्चिमेच्या भिंतीला पाठ टेकायची कोणाची हिंमत होत नव्हती. मे महिन्यातले 35 अंश हे आमच्याकडे तापमान नसतं, ती बातमी असते. लोक एकमेकांना फोन करून विचारतात, "पाऊस आला का जी तुमच्याकडे?"

बरं, आम्ही फक्त वरचीच मर्यादा मोडतो असं नाही. 2013 च्या मे महिन्यात नागपूरचा पारा 47.9 वर गेला होता आणि 2018 च्या डिसेंबरात तो 3.5 वर उतरला. म्हणजे पुस्तिका लिहिणाऱ्याने आखलेल्या दोन्ही सीमा या शहराने ओलांडून दाखवल्या आहेत. कायद्याच्या भाषेत बोलायचं तर नागपुरात कन्सोल वापरता येतो तो दिवाळीच्या आसपास, आणि नेमक्या तेव्हाच पोरांच्या परीक्षा असतात.

आता यंत्राचीही बाजू ऐकली पाहिजे. हल्लीचा मोठा कन्सोल भरात आला की 200 वॅटच्या आसपास वीज खातो, आणि ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. पडद्यावर गोल होतो, गाडी उलटते, राक्षस मरतो. पण भौतिकशास्त्राच्या हिशोबाने आपण फक्त खोली तापवलेली असते. ही उष्णता तयार होते टपाल तिकिटाएवढ्या एका चिपमध्ये. चिपवर एक लेप असतो, लेपावर धातूच्या पातळ पात्यांचा ठोकळा, ज्याला हीटसिंक म्हणतात, आणि त्या पात्यांमधून हवा ढकलणारा पंखा. चिप तापली की पंखा वेग वाढवतो. तेवढ्याने भागलं नाही तर यंत्र पडद्यावर एक सभ्य सूचना देतं आणि स्वतः बंद होतं. तापल्यावर कोणी स्वतःहून बंद होण्याची आमच्या घरातली ही पहिलीच वेळ.

चिरंजीवांचा संघ अंतिम सामन्याच्या 88 व्या मिनिटाला एका गोलने पुढे असताना ही वेळ आली. त्याआधी काही आठवडे पंख्याचा आवाज वाढतच होता. आवाज इतका, की शेजारचे काका गॅलरीतून म्हणाले, "तुमच्या कूलरचा पंखा घासून राहिला वाटते. तेल सोडा त्यात." कूलर तेव्हा बंद होता.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. यंत्र शोकेसमध्ये होतं. शोकेसची काच बंद होती. आणि काचेच्या आत यंत्राला कव्हर होतं.

मराठी घरात एखाद्या वस्तूवर किती माया आहे हे तिच्यावर किती कापड आहे यावरून ओळखावं. टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, फ्रिजच्या मुठीला कव्हर, रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत. सोफ्यावर चादर, आणि ती चांगली चादर मळू नये म्हणून तिच्यावर जुनी चादर. आमच्या सोफ्याचा मूळ रंग दुकानदार सोडून कोणाला आठवत नाही. तेव्हा एवढी महागाची वस्तू घरात आल्यावर आईने पडद्याच्या उरलेल्या कापडाचं, खाली झालर लावलेलं कव्हर शिवलं, यात नवल नव्हतं. कारागिरी अशी, की वायरींसाठी नेमक्या जागी काज्यासारख्या फटी ठेवल्या होत्या. फक्त मागची बाजू शिवून टाकली होती.

"एवढी भोकं ठेवली होती मागे," आई म्हणाली. "झुरळं जातील आत. म्हणून बुजवली."

"अगं, ती हवेसाठी असतात."

"झुरळं हवेतच राहतात ना?"

या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण झुरळांच्या बाबतीत ती शंभर टक्के बरोबर होती. उबदार, अंधारी आणि कोणी हात न लावणारी जागा झुरळाला आणखी कुठे मिळणार? दुरुस्तीवाल्याकडे येणाऱ्या कन्सोलमधून झुरळं निघतात, हे त्या धंद्यातलं उघड गुपित आहे. पण पुस्तिका मात्र सांगत होती की यंत्राभोवती किमान 10 सेंटिमीटर जागा मोकळी सोडा. आमच्या दोन खोल्यांच्या घरात स्वतःभोवती दहा सेंटिमीटर मोकळी जागा आजवर फक्त आजोबांच्या फोटोला मिळाली आहे.

यंत्र तापतं आहे हे कळल्यावर नागपूरकर जे करतो तेच बायकोने केलं. तिने ते कूलरसमोर ठेवलं.

कूलरसमोरची जागा म्हणजे काय हे पुण्या-मुंबईच्या वाचकांना सांगायला हवं. होळी झाली की माळ्यावरून कूलर उतरतो, जुन्या ताट्या फेकून नव्या बसतात, टाकीत पाणी पडतं आणि ओल्या वाळ्याचा वास आला की उन्हाळा सुरू झाला असं आम्ही मानतो. त्यानंतर जून लागेपर्यंत घरातल्या माणसांची ज्येष्ठता ते कूलरपासून किती अंतरावर झोपतात यावर ठरते. जावई आला तर त्याला ऐन झोतात जागा देतात. त्या जागी आता एक काळा डबा येऊन बसला, आणि आईने पहिल्यांदा त्याच्याकडे परका म्हणून पाहिलं.

पण कूलर हवा थंड करतो ती तिच्यात पाणी मिसळून. माणसाला ते सुखावतं, यंत्राला नाही. ओली हवा आत गेली की आतली धूळ पात्यांना चिकटून बसते, आणि पंपाचं पाणी जरा जोरात पडत असेल तर बारीक तुषारही उडतात. त्यात नागपूरची धूळ. दुपारची लू येते ती रिकाम्या हाताने येत नाही, आणि सिमेंटच्या रस्त्यांची कामं संपली असं सांगणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. ही धूळ आणि कूलरचा ओलावा यांचा जो संयोग होतो त्याला बांधकामात गिलावा म्हणतात.

शेवटी यंत्र उघडायचं ठरलं. वॉरंटी केव्हाच संपली होती, त्यामुळे घरात निर्भय वातावरण होतं. एरवी कूलरचा पंप बदलून देणारा दादा उत्साहाने आला, स्क्रू बघून थबकला. त्या स्क्रूंना सहा टोकांच्या चांदणीसारखी खाच आणि चांदणीच्या मधोमध एक बारीकशी खुंटी असते. साधा स्क्रूड्रायव्हर आत शिरूच नये अशी ही सोय. "कंपनीची इच्छाच नाही ना जी खोलायची," दादा म्हणाला आणि चहा पिऊन गेला. मग खास पाना आणला, वायर काढली, यंत्र पूर्ण गार होऊ दिलं, आणि जमिनीवर पांढरी चादर अंथरून, प्रत्येक स्क्रू निघेल त्या क्रमाने मांडत मी झाकण उचललं.

आत गोधडी होती. दुसरा शब्द नाही. हीटसिंकच्या पात्यांवर धुळीचा असा एकसंध थर बसला होता, की तो चिमटीत धरून अखंड उचलता आला. त्यात चादरींचे धागे होते, केस होते, वाळ्याच्या काड्यांचा चुरा होता आणि त्या झालरीचेही दोन-तीन तंतू होते. बाहेरून आईने एक पांघरूण घातलं होतं. आतून यंत्राने स्वतःसाठी दुसरं विणून घेतलं होतं.

ते पाहताच चिरंजीव वाकले आणि गाल फुगवून फुंकर मारण्याच्या पवित्र्यात आले. मी त्याला अडवलं, पण मनातून मला भरून आलं. ही फुंकर त्याला कोणी शिकवली नव्हती. ती आमच्या पिढीने रक्तातून दिली होती. नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता, त्यांच्याकडे 9999 गेम असल्याचा दावा करणारी पिवळी कॅसेटही होती. ती चालली नाही की बाहेर काढायची, तोंडाजवळ धरायची, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फुंकायची आणि परत घालायची. चालायची! जपानपासून अमेरिकेपर्यंत जगभरची पोरं एकमेकांना न विचारता हेच करत होती. निन्टेंडो कंपनीने असं फुंकू नका म्हणून बजावलं, कारण तोंडातल्या ओलाव्याने आतले धातूचे संपर्क गंजतात. कॅसेट चालायची ती फुंकरीने नव्हे, पुन्हा नीट बसवल्याने. पण हे आम्हाला कळेपर्यंत आमच्या श्रद्धा पक्क्या झाल्या होत्या, आणि विज्ञान उशिरा आलं तर त्याला मागच्या रांगेत बसावं लागतं.

तेव्हा फुंकर नाही, आईने आणलेलं ओलं फडकं नाही, आणि बायकोने सुचवलेला व्हॅक्यूम क्लीनरही आतल्या सर्किटवर नाही, कारण त्याने स्थिर वीज तयार होऊन नाजूक भाग दगावू शकतो. मऊ ब्रश आणि डब्यातली दाबलेली हवा, तीही थोडी थोडी. हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं. नाहीतर पंखा वाऱ्यावर भन्नाट फिरतो, पोरं टाळ्या पिटतात आणि बेअरिंगचं वाटोळं होतं. मग चिपवरचा जुना लेप. तो वाळून खडखडीत झाला होता. आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो पुसून तांदळाच्या दाण्याएवढा नवा लेप लावला. आई शेजारी बसून बघत होती. "एवढुसाच?" ती म्हणाली. पाहुण्याच्या ताटात पदार्थ कमी पडल्याचं दुःख तिच्या आवाजात होतं.

झाकण बसलं. एकही स्क्रू उरला नाही, त्यामुळे चिरंजीवांचा माझ्यावर विश्वास बसेना. पण यंत्र सुरू झालं, आणि पंख्याचा आवाज इतका खाली आला की सगळ्यांना भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. हे घड्याळ आवाज करतं ही नवीनच तक्रार त्या दिवसापासून सुरू झाली.

रात्री जेवताना मी विजयी स्वरात कव्हरबंदीची घोषणा केली आणि उदाहरणादाखल एक्सबॉक्स 360 ची कथा सांगायला घेतली. 2005 च्या नोव्हेंबरात तो बाजारात आला, आणि थोड्याच काळात लोकांच्या यंत्रांवर तीन लाल दिवे पेटायला लागले. ते पेटले की खेळ खलास. यंत्र तापायचं, निवायचं, पुन्हा तापायचं. या तापण्या-निवण्याने आतले जोड तडकत होते. 2007 मध्ये मायक्रोसॉफ्टने या दोषासाठी वॉरंटी तीन वर्षांची केली आणि त्यापोटी एक अब्ज डॉलरहून मोठी रक्कम बाजूला काढली.

"मग लोकांनी काय केलं?" आईने विचारलं.

इथे मी थांबायला हवं होतं, पण गोष्ट अर्धवट सोडणं आमच्या घराण्यात नाही. "काही लोकांनी यंत्र टॉवेलमध्ये गुंडाळलं," मी म्हणालो. "मुद्दाम. हवा कोंडून ते आणखी तापावं आणि जोड पुन्हा धरावेत म्हणून."

"आणि?"

"काहींची चालू झाली. थोडे दिवस."

पंगतीत शांतता पसरली. अमेरिकेत, अब्ज डॉलरच्या संकटात, हतबल झालेल्या माणसांनी शेवटी यंत्राला पांघरूण घातलं होतं आणि ते उठून बसलं होतं. ती यंत्रं नंतर कायमची गेली, आगीचा धोका होता तो वेगळाच, हे मी पुढे बरंच सांगितलं. पण आईने पोळीला तूप लावायला घेतलं होतं. तिला हवं ते तिने ऐकलं होतं.

निर्मात्यांनाही आता धुळीपुढे हात टेकावे लागले आहेत. प्लेस्टेशन 5 मध्ये तर धूळ जमा व्हावी म्हणून खास कप्पे दिले आहेत. बाजूची पट्टी काढून तिथल्या भोकांना व्हॅक्यूम लावला की झालं. चिपवर लेपाऐवजी द्रवरूप धातू आहे. तो उष्णता उत्तम वाहतो, पण वीजही वाहतो, म्हणून तिथे आपण हात घालायचा नाही. पाया पडायचं आणि मागे फिरायचं.

आमच्याकडे तह झाला तो आजी-नातवात. धूळ यंत्र बंद असतानाही बसते हे मला मान्य करावं लागलं, आणि चालू यंत्र झाकू नये हे आईने मान्य केलं. म्हणून खेळताना कव्हर काढायचं, खेळ संपून यंत्र गार झालं की घालायचं. कव्हरचा ताबा अर्थातच आईकडे. रात्री पावणेनऊला ती यंत्रावर तळहात ठेवून बघते. "तापलंय," म्हणते. चिरंजीव सांगतात की आजी, हे तापणं नॉर्मल आहे. "तुझ्या बाबालासुद्धा मी एवढ्या तापात खेळू दिलं नाही," आई म्हणते, आणि ठीक नऊला यंत्र बंद करवते. त्यानंतर यंत्र एकदाही तापून बंद पडलेलं नाही. त्याआधीच ते बंद झालेलं असतं.