ट्रॅम्पोलिनच्या न उडालेल्या विजेत्यास

माननीय विजेते महोदय,



ट्रॅम्पोलिनमधल्या पदकाबद्दल तुमचं अभिनंदन करायचं राहूनच गेलं. ते पदक तुम्ही कोणत्या हॉलमध्ये, कधी मिळवलंत, याचा आम्हा प्रशिक्षकांना पत्ताच नव्हता. खेळाडूंच्या 5 टक्के आरक्षणातून तुम्हाला सरकारी खुर्ची मिळाली, तेव्हा कुठे कळलं की आपल्या राज्यात एवढा मोठा खेळाडू गुपचूप होऊन गेला. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही म्हणतात. तुम्ही ती म्हण एका कागदात निकालात काढलीत.

ट्रॅम्पोलिनच का निवडलंत, हेही मला समजतं. कबड्डीचं प्रमाणपत्र दाखवलं असतं, तर ऑफिसातल्या शिपायानेसुद्धा विचारलं असतं, ‘रेडर की डिफेंडर?’ कुस्ती म्हणावं, तर लोक आधी कान बघतात. ट्रॅम्पोलिन म्हटलं की साहेबांना मॉलमधलं पोरांचं जाळं आठवतं आणि ते मान डोलावून सही करतात. निवड चोख होती. पण 2022 मध्ये राज्याच्या क्रीडा खात्याने बोगस प्रमाणपत्रं आपणहून परत करा असं आवाहन केलं आणि तुमच्यासारख्यांच्या सुखात खडा पडला. उद्या एखादा चौकस अधिकारी ‘जरा करून दाखवा’ म्हणालाच, तर आपल्या माणसाची फजिती नको. म्हणून ही शिकवणी. फी नाही, तुमचा आधीच बराच खर्च झालेला असणार.

आधी तोंडी परीक्षा. आजचं ट्रॅम्पोलिन 1930च्या दशकात अमेरिकेत जॉर्ज निसेन या जिम्नॅस्टने घडवलं. ऑलिंपिकमध्ये ते 2000 साली सिडनीत आलं. टंबलिंगचाही कागद काढला असेल, तर एवढं लक्षात ठेवा: ते ऑलिंपिकमध्ये एकदाच झालं, 1932 साली लॉस एंजेलिसला. आजच्या टंबलिंगला 25 मीटरची उसळती पट्टी, एका दमात आठ कसरती. झालं, तोंडीत पास.

प्रात्यक्षिक जरा त्रासाचं आहे. बेड सव्वाचार मीटर लांब आणि दोन मीटरहून थोडा जास्त रुंद, मधोमध लाल क्रॉस. दहा कसरती सलग करायच्या. एखादी पुन्हा केलीत, तर तिच्या अवघडपणाचे गुण मिळत नाहीत. कसरत किती नीट, किती अवघड, क्रॉसपासून किती सरकलात आणि हवेत किती वेळ होतात, असे चार हिशेब. शेवटचा हिशेब यंत्र करतं, तिथे ओळखपाळख चालत नाही. जगातल्या अव्वल पुरुषांचे दहा उड्यांचे मिळून सतरा-अठरा सेकंद भरतात. तुमचं करिअर मात्र एकदा हवेत गेलं ते अजून खाली आलेलं नाही. तेवढा विक्रम तुमच्या नावावर लावायला हरकत नाही.

आणि सगळ्यात अवघड ते शेवटी. दहावी उडी संपली की दोन्ही पायांवर उतरून तीन सेकंद निश्चल उभं राहायचं. खालचा बेड तुम्हाला पुन्हा वर फेकायला टपलेला असतो. तेव्हा गुडघे नेमक्या क्षणी वाकवून त्याचा जोर मारावा लागतो. परवा आमच्याकडची तेरा वर्षांची एक मुलगी नवव्या उडीला पार कडेला गेली. कडेचा स्पॉटर मॅट घेऊन पुढे सरकला. दहावीत तिने स्वतःला ओढून क्रॉसवर आणलं, उतरली, गुडघे दाबले, हात वर केले. आणि डावी टाच अर्धा इंच हलली. मी म्हटलं, पुन्हा. तिने नाक फुगवलं, मोजे वर ओढले आणि पुन्हा चढली. त्या दोरीदार बेडवर घासून कोपराची सालटं निघतात, ती तिची गेले दोन हंगाम वाळलेली नाहीत. तुमचे कोपर बघायची फार इच्छा आहे.

कधीकधी खेळाडूला येणारी कसरत अचानक येईनाशी होते. शरीर ठीक असतं, पण हवेत गेल्यावर डोकं नकार देतं. पॅरिसला 2024 मध्ये सुवर्ण जिंकणारी ब्रिटनची ब्रायनी पेज यातून गेली आहे. एकेक साधी उडी पहिल्यापासून शिकत तिला परत यावं लागलं. तुम्हाला हा धोका नाही. हरवायला आधी असावं लागतं.

एका प्रकारात मात्र तुमचा हात कुणी धरणार नाही: सिंक्रोनाइज्ड. दोन खेळाडू शेजारशेजारच्या ट्रॅम्पोलिनवर एकाच वेळी, एकाच तालात तेच करतात. आमच्या पोरांना हे जमायला वर्षं लागतात. तुमच्या मंडळींची प्रमाणपत्रं बघा, तारीख तीच, शाई तीच, शिक्क्याचा कलही तोच.

तर कधीतरी संध्याकाळी हॉलवर या. पहिले काही आठवडे नुसती सरळ उडी आणि थांबणं. गटात तुमच्यासोबत आठ-नऊ वर्षांची मुलं असतील; ती तुम्हाला ‘काका’ म्हणतील आणि चुका मोठ्याने सांगतील. राग मानू नका.

आपला,
एक प्रशिक्षक

ता. क. येताना मोजे आणा. मूळ प्रमाणपत्र आणू नका, घामाने शाई पसरते.