सात मितींचं पायपुसणं

गाडीच्या मॅटच्या दुकानात थ्रीडी, फाइव्हडी, सेव्हनडी असे प्रकार मिळतात. आइनस्टाइनची सापेक्षता चार मितींवर थांबली, आमचे दुकानदार थांबले नाहीत. सेव्हनडी म्हणजे फोमवर शिवलेलं रेक्झिन. पावसाळ्यात पाणी त्याखाली शिरलं की लवकर वाळत नाही आणि ज्याला जपायचं ते गाडीचं कार्पेट आतल्या आत कुबट होतं. म्हणून सेव्हनडीवर नूडल मॅट, तिच्यावर रबराचा ट्रे आणि सगळ्यात वर सर्व्हिसिंगहून आलेला कागद. तो काढायचा नसतो, आपोआप फाटू द्यायचा असतो!

थरांची ही दहीहंडी ड्रायव्हरच्या पायाखाली मात्र परवडत नाही. २००९ मध्ये टोयोटाने अमेरिकेत लाखो गाड्या परत बोलावल्या, कारण सरकलेली मॅट अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलला अडकू शकत होती. मॅट सरकू नये म्हणून कंपनी हूक देते. आपण त्यांच्यावरच सेव्हनडी अंथरतो.

एवढं करून गाडी विकायला काढली की एजंट टायर बघतो, डेंट मोजतो, किलोमीटर वाचून नाक मुरडतो. मॅट उचलून कार्पेटला शाबासकी देणारा एजंट अजून जन्माला यायचाय.