सोसायटी एफएम, ताथवडे

आपल्याकडे सामुदायिक रेडिओला राजकारण वर्ज्य. २००६ च्या धोरणापासूनच त्याने शेती, आरोग्य, शिक्षण यांवर हवं तितकं बोलावं, नगरसेवकावर नाही. खासगी एफएमलाही बातम्या द्यायच्या तर आकाशवाणीच्याच, त्याही जशाच्या तशा.

मग २०२० च्या टाळेबंदीत ताथवड्याने काय ऐकावं? आमच्या सोसायटीने गॅलरीतच केंद्र काढलं. प्रक्षेपण सकाळी सातला, दूध आल्यावर. चौथ्या मजल्यावरचे काका निवेदक, सी विंगच्या काकू प्रत्यक्षदर्शी. विषय एकच : कामवाल्या मावशींना आत घ्यायचं का? त्यावरून दोन पक्ष पडले, एक फुटलाही. मावशींना कुणी विचारलं नाही. त्या गेटबाहेर, म्हणजे आमच्या प्रक्षेपण क्षेत्राबाहेर.

सरकारी सूचना रोजची : हात वारंवार धुवा, वीस सेकंद. पिंपरी-चिंचवड शहराला पाणी मात्र नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड. त्यामुळे आम्ही फक्त विषम तारखांना निर्जंतुक असायचो.

फेब्रुवारी २०२१ मध्ये सरकारची कोरोनाविषयीची ‘मी जबाबदार’ मोहीम आली. आमच्या श्रोत्यांना ती ‘तो जबाबदार’ अशी ऐकू आली. तो म्हणजे बी विंग. (आम्ही ए विंगमध्ये राहतो, हे सांगायलाच हवं.)

मार्च २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या नगरसेवकांची मुदत संपली. पुढचं मतदान थेट जानेवारी २०२६ मध्ये झालं. मधली जवळपास चार वर्षं नावं ठेवायला नगरसेवकच नव्हता. काकांचा कार्यक्रम एक दिवसही चुकला नाही.