बेसुरांचा परवाना

गिटार हातात दिसली की पाहुण्यांना आर. डी. बर्मन आठवतात. मी वाजवतो सोळाव्या शतकातलं. चहा संपेपर्यंत बिचारे सभ्यपणे ऐकतात आणि मग म्हणतात, "लागली वाटतं गिटार सुरात! आता एखादं गाणं होऊ द्या."

त्यांचं फारसं चुकत नाही. हे संगीत मुळात लिहिलंय ल्यूट या जुन्या युरोपीय तंतुवाद्यासाठी किंवा तिच्या स्पेनमधल्या बहिणीसाठी, विहुएलासाठी. त्यासाठी गिटारची तिसरी तार अर्ध्या सुराने उतरवायची आणि तिसऱ्या पडद्यावर कापो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, आवळायचा. कापो आवळला की तारा हलतात, म्हणून पुन्हा लावायच्या. ऐंशी वर्षांच्या ल्यूटवादकाची साठ वर्षं वाद्य लावण्यातच गेलेली असतात, असा टोमणा योहान मॅथेसन या जर्मन संगीतज्ञाने अठराव्या शतकात मारला होता. त्याला खोडून काढायला बारोन नावाच्या ल्यूटवादकाने १७२७ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. तेवढ्या वेळात वाद्य लावून झालं असतं.

एवढं करूनही सोवळी मंडळी नाराजच. त्यांच्या मते ल्यूटच्या जोडतारांवर बोटांची मऊ टोकं फिरायची. गिटारच्या सहा एकेरी नायलॉन तारांवर नखांनी डाउलंडसारख्या ल्यूटवाल्याच्या रचना वाजवणं म्हणजे सोवळ्यात बूट घालणं. अशा वेळी मी ज्युलियन ब्रीमला पुढे करतो. हा पठ्ठ्या (१९३३–२०२०) एकाच मैफलीत ल्यूट आणि गिटार दोन्ही वाजवायचा, आणि ल्यूटसुद्धा खुशाल नखांनी छेडायचा. जाणकारांनी नाकं मुरडली. पण पुढे ल्यूटकडे वळलेल्या कित्येकांनी ती पहिल्यांदा ऐकली ब्रीमच्याच रेकॉर्डवर.

जॉन डाउलंड माझा दुसरा आधार. रडव्या सुरांसाठी इतका प्रसिद्ध की स्वतःच्याच नावावर कोटी करून त्याने एका रचनेला 'सदा डाउलंड, सदा दुःखी' अशा अर्थाचं लॅटिन नाव ठेवलं. वास्तविक १५९८ पासून डेन्मार्कच्या राजाकडे भरघोस पगाराची नोकरी. रजा घेऊन इंग्लंडला गेला आणि ती लांबवत नेली. मधल्या काळात, १६०४ मध्ये, लंडनला अश्रूंवरचं पुस्तक छापून ते इंग्लंडच्या राणीला अर्पण केलं. ही राणी डेन्मार्कच्या त्याच राजाची सख्खी बहीण! रजेवरच्या कारकुनाने साहेबांच्या बहिणीला असं सांभाळावं, याला अनुभव लागतो. तरी १६०६ मध्ये नोकरी गेलीच.

पण खरा गुरू आलोन्सो मुदारा. सेव्हिलमध्ये १५४६ साली छापलेल्या त्याच्या पुस्तकात विहुएलाबरोबर चार जोडतारांच्या छोट्या गिटारसाठीही रचना आहेत, तेव्हा सोवळ्यांनी जरा जपूनच बोलावं. त्यात एक फँटसिया, म्हणजे मुक्त रचना, आहे, लुदोविको नावाच्या हार्पवादकाची नक्कल करणारी. बोटं तारांवरून सांडल्यासारखी पळतात, ठेका कुठे आहे ते कळेनासं होतं, आणि शेवटाकडे सूर एकमेकांवर आपटू लागतात. नेमकं तिथेच मुदाराने छापून ठेवलंय की इथून पुढे काही बेसूर येतील, पण नीट वाजवले तर वाईट वाटणार नाहीत. सेव्हिलच्या कॅथीड्रलमधल्या धर्माधिकाऱ्याने दिलेला हा लेखी परवाना मी बायकोला मोठ्या तोऱ्यात वाचून दाखवला.

तिने पान हातात घेऊन निरखलं. म्हणाली, "अहो, पण हे शेवटच्या ओळींपुरतं आहे. तुम्ही तर पहिल्या ओळीपासूनच लागू केलंय."