उभी गाडी, वेग ४०

आंबा घाटात आमची पिकअप ताशी ४० किलोमीटर वेगाने उभी होती. इंजिन बोंबलत होतं, दुसरा गिअर पडलेला होता, काटा चाळिशीवर थरथरत होता, आणि डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेल्या एक आजीबाई आम्हाला ओव्हरटेक करून वळणापलीकडे दिसेनाशा झाल्या. आतेभावाचा माणसांपेक्षा काट्यावर विश्वास जास्त. "जातेय की गाडी," तो म्हणाला. त्यानंतर ती खरंच जायला लागली, पण उलटी, साखरप्याच्या दिशेने.

ब्रेक शाबूत होते म्हणून हे लिहायला मी आहे. "उतर, दगड लाव!" अशी आज्ञा झाली. चाकांमागे दगड लागले, रस्त्यावर दहा पावलं अलीकडे-पलीकडे झाडाच्या फांद्या पडल्या. आपल्याकडे गाडी बंद पडल्याची अधिकृत खूण हीच. पुढे गाडी निघून जाते, फांद्याही वाळतात, दगड मात्र तिथेच राहतात आणि रात्री दुसऱ्याची गाडी बंद पाडतात.

मागे हापूसच्या पेट्या आणि त्यांच्यावर उताणा पडलेला आत्याचा सागवानी पलंग. रत्नागिरी ते कोल्हापूर हे अंतर जेमतेम १३० किलोमीटर. गाडी कागदावर दीड टनाची, पण "कागदावर आंबे कोण नेतो?" असा आतेभावाचा सवाल होता आणि त्याला उत्तर द्यायला आरटीओचं कोणी तिथे नव्हतं.

मलकापूरहून मिस्त्री मोटरसायकलवर आले. मागे हाताखालचं पोरगं, पोराच्या मांडीवर जॅक. मिस्त्रींनी इंजिन चालू करायला लावलं, गिअर टाकायला लावला आणि एका हाताच्या कोपरावर रेलून गाडीखाली नुसतं डोकावले.

"जॉइंट फिरतुया. काटा पळतुया. गाडी हलंना. म्हंजी एक्सल गेला."

काट्याचं कोडं असं सुटलं. आमच्या गाडीच्या स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्समधून निघते. चाकं फिरतात की नाही, हे त्याला कोणी सांगतच नाही. इंजिनापासून शाफ्टपर्यंत सगळ्यांनी आपापली कामं चोख केली होती. पुढे क्राउन-पिनियनपाशी ताकद दोन एक्सलांत वाटली जाते, आणि वाटणीचं खातं असतं डिफरन्शियलकडे. वळणावर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त फिरावं म्हणून केलेली ही सोय. तिचा स्वभाव मात्र सोसायटीच्या सेक्रेटरीसारखा: ज्या बाजूला विरोध नाही, तिकडेच सगळं वळवायचं. डावा एक्सल तुटल्यावर तिकडे विरोध उरलाच नव्हता. उजवा धडधाकट, वजन पेलायला तयार, पण त्याच्या वाट्याला काहीच येईना. तुटलेला तेवढा मजेत गरगरत होता.

नशीब म्हणजे या जातीच्या गाडीत चाक हबवर आणि हब हाउसिंगवर बसलेलं असतं. एक्सलचं काम फक्त फिरवण्याचं. त्यामुळे तो तुटला तरी चाक आपल्याला सोडून दरीत जात नाही. चाक न काढताच एक्सल ओढून काढता येतो, हा आणखी एक फायदा. मिस्त्रींनी फ्लँजचे नट सोडवले, घणाचे दोन ठोके दिले, टॉमी घातली आणि हातभर लोखंड बाहेर आलं. पाठोपाठ नव्वद नंबरचं ऑइल. जुन्या गिअर ऑइलला गंधकाचा असा काही वास असतो की हापूसच्या पेट्यांनी तिथेच हार मानली.

उरलेला तुकडा आत, दात्यांसकट डिफरन्शियलमध्ये अडकून बसलेला. तो निघाल्याशिवाय नवा जाणार नाही. पोराने पिशवीतून जुन्या स्पीकरचं लोहचुंबक काढलं. कधीकाळी गणपतीत वाजलेलं ते चुंबक काठीला बांधून आत सोडलं, तर ते तुकड्याऐवजी हाउसिंगच्या भिंतीलाच चिकटलं. ती भिंतही शेवटी लोखंडाचीच. आता चुंबक काढणं हे नवीन काम होऊन बसलं. एव्हाना दोन ट्रक, एक वडाप आणि लग्नाची एक जीप थांबली होती. घाटात मदतीपेक्षा सल्ला लवकर पोहोचतो. एकाने वेल्डिंगने सळई जोडायला सांगितलं, दुसऱ्याने गाडीच बदलायला. नवरदेवाच्या काकांनी नारळ फोडायला सुचवलं. अखेर मिस्त्रींनी तारेचा फास करून आत सोडला, डोळे मिटले, विहिरीतला हंडा काढावा तसा दोन मिनिटं चाचपत राहिले आणि तुकडा काढला.

मग त्यांनी तुटलेली जागा मला दाखवली. निम्मी काळवंडलेली, निम्मी चकचकीत.

"काळी हाय ती जुनी चीर. चकचकीत हाय ती आजची. ह्यो गेल्या हंगामातच तुटाय लागला हुता, तुमाला आज कळलं."

गेल्या हंगामातही पलंग होता का, असं मी आतेभावाला विचारलं. तो वानरांना हाकलायला गेला.

वानरांमुळेच त्याला तिथून हलता येईना, आणि कोल्हापूरला एक्सल आणायची जबाबदारी माझ्यावर आली. दोन्ही तुकडे पोत्यात गुंडाळून मी एसटीला हात केला.

"काय आहे हे?" कंडक्टर.

"एक्सल."

"गाडीचा?"

"हो."

"मग गाडीत का न्हाई?"

या प्रश्नावर मागच्या बाकापर्यंत चर्चा झाली. मलकापूर येईतो बसमधल्या प्रत्येकाच्या घराण्यात कोणता एक्सल कुठे तुटला याची नोंद झाली आणि शेजारच्यांच्या पांढऱ्या लेंग्यावर आमच्या ऑइलचीही झाली.

कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर म्हणजे लेथ आणि फाउंड्रीचं गाव. तिथे लोखंडाचं काही अडत नाही, अडतं ते माणसाचं. दुकानदाराने विचारलं, "डावा की उजवा?" मी म्हटलं, डावा. "पुढून बघून की मागून?" मी स्टिअरिंग धरल्याचा अभिनय करून डावा हात वर केला. गाडीच्या धंद्यात ड्रायव्हर बसतो तसं डावं-उजवं धरतात, हे गाडीच्या धंद्यातल्यांनाही दरवेळी विचारावं लागतं. दोन्हींची लांबी वेगळी असू शकते, म्हणून हा छळ. त्याने तुकडे फरशीवर जोडून ठेवले, शेजारी नवा एक्सल निजवला, बोटाने दाते मोजले, पुन्हा मोजले, आणि मुलाला मोजायला लावले. तिघांचं जमल्यावर पैसे घेतले.

परतीच्या एसटीत नवा एक्सल माझ्या मांडीवर होता. ज्या रस्त्याने आंबे जायचे तो आता एक्सलने जाता-येता पालथा घातला होता.

घाटात मिस्त्रींनी हाउसिंग डिझेलने धुतलं. लोखंडाचा कीस राहिला तर क्राउन खाईल म्हणाले. नवं सील ठोकलं. पॅकिंग मात्र मी विसरलो नव्हतो, दुकानातच नव्हतं. मिस्त्रींनी डॅशबोर्डवरची जाडजूड लग्नपत्रिका उचलली, फ्लँजवर धरली आणि हातोडीने कडेकडेने ठोकत भोकं पाडली. अगदी मापात. त्या वधूवरांचा संसार कुठेही असो, त्यांची नावं आमच्या डाव्या चाकात फिरत आहेत.

हिशेब झाला. मजुरीतला काही भाग पेटीच्या रूपाने द्यायचं ठरलं. मिस्त्रींनी पेटी निवडताना एक्सलपेक्षा जास्त वेळ घेतला.

"दुसऱ्या बाजूचाबी त्याच वयाचा हाय," जाता जाता ते म्हणाले.

"किती चालेल?"

"तुटंपातुर."

आणि ग्रीसच्या बोटाने त्यांनी मागच्या फाळक्यावर आपला मोबाईल नंबर लिहिला. आतेभावाने तो दोनदा वाचला, शून्य आहे की सहा ते विचारून घेतलं, आणि पुसला जाऊ नये म्हणून पलंगाची दोरी तिथून सोडून दुसरीकडे बांधली.