अठ्ठेचाळीस केबीवाले काका

कुणी नवा मोबाइल घेतला की बाकीचे नातेवाईक कॅमेरा बघतात, काका रॅम विचारतात. भाच्यानं "आठ जीबी" म्हटलं की ते चष्मा काढून पुसायला घेतात. चष्मा हातात आला की जाणत्यांनी पाणी प्यायच्या निमित्तानं उठावं, कारण पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "अरे, आम्ही अख्खा गेम अठ्ठेचाळीस केबीत लिहायचो!"

हे काका आता पन्नाशीच्या पुढे आहेत, आयटीत बऱ्या हुद्द्यावर आहेत आणि बहुतेक कंपन्यांत एखादा तरी सापडतोच. क्लाइव्ह सिंक्लेअरच्या केंब्रिजच्या कंपनीनं 1982 मध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती कॉम्प्युटर काढला, तिथून ही जमात सुरू झाली. पुढे 1986 मध्ये डेसिबेल्स कंपनीनं परवाना घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' भारतातही आणला. पण आमच्या काकांसमोर त्याचं नाव काढायची सोय नाही. त्यांचा मामानं इंग्लंडहून आणलेला, रबरी बटणांचा, अस्सल विलायती.

त्याची चाळीस बटणं म्हणजे एकेक प्रकरण होतं. ओळीच्या सुरुवातीला 'पी' दाबलं की 'पी' उमटत नसे, 'प्रिंट' हा अख्खा शब्द येई. 'जे' म्हणजे 'लोड', 'एस' म्हणजे 'सेव्ह', आणि त्याच्या अगदी शेजारचा 'ए' म्हणजे 'न्यू'. 'ए' दाबून धाकट्या बहिणीनं 'एंटर'वर बोट ठेवलं की दुपारभर टाइप केलेलं सगळं साफ. बहीण नसली तर लाइट जायचीच.

पडदा म्हणून घरातला ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही. तो तरी मोकळा कधी मिळणार? रविवारी सकाळी रामायण, संध्याकाळी हिंदी सिनेमा, शनिवारी मराठी. उरलेल्या वेळात काका गेम करायचे. वरून नारळ पडतात, खाली टोपलीवाला इकडून तिकडे पळतो. टोपलीवाला त्यांनी गणिताच्या वहीत आठ बाय आठ चौकोनांत आखून काढला होता. आता गंमत अशी, की स्पेक्ट्रमचे आठ रंग शून्य ते सात असे क्रमानं उजळत जातात, त्यामुळे काळ्यापांढऱ्या टीव्हीवर करड्या छटांची छान उतरंड लागते. काकांनी सगळा गेम त्या छटा बघून रंगवला. मग एकदा शेजाऱ्यांच्या रंगीत टीव्हीला यंत्र जोडलं, तर माणूस हिरवागार आणि नारळ जांभळे. त्यातून आठ बाय आठच्या एका चौकोनात दोनच रंग मावतात, म्हणून नारळ डोक्याजवळ आला की जांभळाही व्हायचा हिरवा. शेजारच्या काकू कौतुकानं म्हणाल्या, "राक्षस छान काढलायस हो!"

पण खरं महाभारत टेपरेकॉर्डरवर झालं. गेम कॅसेटवर साठवायचा आणि कॅसेटवरूनच परत घ्यायचा. पडद्याच्या कडेला पट्टे नाचायचे, रेकॉर्डर किंचाळायचा, चारपाच मिनिटं घर श्वास रोखून बसायचं आणि शेवटी 'आर टेप लोडिंग एरर'. हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो, तो किंचित फिरवला की हेडचा कोन बदलतो, हे काकांना कुठून तरी कळलं. मामानं आणलेल्या कॅसेटी धडाधड लोड होऊ लागल्या. मात्र आजीच्या भजनाच्या कॅसेटीत बुवांचा घसा बसला. आजी काही कमी नव्हत्या. त्यांनी रेडिओ दुरुस्तीवाल्याला बोलावून स्क्रू पूर्ववत करून घेतला. बुवा गाऊ लागले, गेम बंद. मग रात्री काका पुन्हा पेचकस घेऊन बसायचे. दोघांनी एकमेकांना अखेरपर्यंत एका शब्दानं विचारलं नाही.

बेसिकमध्ये टोपलीवाला संथ चाले, म्हणून काका मशिन कोडकडे वळले. असेंब्लर नव्हता, झेड 80 चे कोड वहीत उतरवून एकेक आकडा 'पोक' करायचा. 201 म्हणजे रिटर्न, हे त्यांना आजही झोपेतून उठवून विचारा. एक आकडा चुकला की पडदा काळाभोर आणि मग खाली निर्विकारपणे '1982 सिंक्लेअर रिसर्च लिमिटेड'. ही ओळ काकांनी मारुतिस्तोत्रापेक्षा जास्त वेळा वाचली असेल.

जागा वाचवण्यात मात्र त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. या बेसिकमध्ये प्रोग्रॅमात साधं शून्य लिहिलं तरी सात बाइट खर्ची पडतात, कारण आकड्यामागे त्याचं आणखी एक रूप गुपचूप साठवलेलं असतं. त्याऐवजी 'नॉट पाय' लिहिलं तर उत्तर शून्यच, खर्च दोन बाइट. एकासाठी 'एसजीएन पाय', तीनासाठी 'इंट पाय'. काकांच्या प्रोग्रॅममध्ये त्यामुळे आकडे जवळजवळ नव्हतेच, सगळीकडे नुसता पाय. एवढी काटकसर करून गेम तयार झाला तेव्हा मेमरी किती शिल्लक होती? तीन चतुर्थांशाहून जास्त. हा तपशील ते स्वतःहून सांगत नाहीत, काकू सांगतात.

इंग्लंडात मॅथ्यू स्मिथनं विशी गाठायच्या आत, 1983 मध्ये, याच यंत्रावर 'मॅनिक मायनर' लिहिला. त्यात वीस गुहा होत्या. काकांच्या गेममध्ये एक नारळीची बाग. "त्याच्याकडे लोडशेडिंग होतं का?" असं काका विचारतात आणि विषय संपवतात.

हल्ली रविवारी दुपारी ते लॅपटॉपवर स्पेक्ट्रमचा एम्युलेटर लावतात. गेम क्षणात उघडायची सोय त्यात असते, ती त्यांनी मुद्दाम बंद केलीय. पूर्ण वेळ, पूर्ण किंचाळीसह, पट्ट्यांकडे बघत लोड करायचा. "अहो, तो आवाज बंद करा, कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत मला," असं आतून ऐकू येतं.

गेल्या रविवारी त्यांनी आणखी पाच बाइट वाचवले. भाच्यानं दुसऱ्या लेव्हलचं विचारलं, तर म्हणाले, "आधी जागा तर होऊ दे!"