येरवडा मंदिराचा लेखापरीक्षण अहवाल

आमच्या सोसायटीच्या गणपती मंदिराचा मी गेली नऊ वर्षं खजिनदार आहे. हे पद मला भक्तीमुळे मिळालेलं नाही, बँकेतून निवृत्त झाल्यामुळे मिळालं. त्यामुळे कुठलंही देऊळ दिसलं की हात आपोआप जोडले जातात आणि नजर दानपेटीच्या कुलपाकडे जाते.

येरवड्यातल्या सगळ्यात नामांकित मंदिराचे हिशेब मात्र आजवर कुणी तपासलेले नाहीत. १८७१ सालचं दगडी बांधकाम, उंच भिंती, दाराशी बंदूकधारी शिपाई. सरकारी कागदांत त्याला मध्यवर्ती कारागृह म्हणतात. पण मिठाच्या सत्याग्रहात, १९३० च्या मे महिन्यात, इथे आणून ठेवलेले एक गृहस्थ साबरमतीच्या आश्रमाला पत्रं लिहायचे आणि वर ठिकाण घालायचे ‘येरवडा मंदिर’. दर मंगळवारी, पहाटेची प्रार्थना झाली की एका व्रतावर एक पत्र. त्या पत्रांचं पुढे ‘मंगल प्रभात’ हे छोटंसं पुस्तक झालं. मंगळवारी आमच्याकडेही पहाटेपासून रांग असते. पण ती नारळांची.

तर मी ते पुस्तक घेऊन तपासणीला बसलो. आढळलेल्या त्रुटी गंभीर आहेत.

मूर्ती नाही. सत्य हाच देव, असं गृहस्थ लिहितात. ठीक आहे, पण सत्याला हार कुठून घालायचा? अभिषेक केला तर तीर्थ कुठे साठवायचं? सत्याचा वर्धापनदिन कधी? पावतीपुस्तक नाही, देणगीदारांची पाटी नाही, उत्सवमूर्ती नाही, ध्वनिक्षेपक तर नाहीच नाही. अपरिग्रहाचं पत्र वाचून मला रात्री झोप लागली नाही, कारण आमची मुदत ठेव त्याच आठवड्यात नूतनीकरणाला आली होती. सर्वधर्मसमभावाच्या पत्रात तर ते सांगतात की सगळेच धर्म माणसाच्या हातून आलेले, म्हणून सगळेच थोडे अपुरे. हे वाक्य आमच्या वार्षिक अहवालात छापलं तर पुढच्या वर्षीची वर्गणी निम्म्यावर येईल.

स्वदेशीवरचं पत्र त्यांनी तुरुंगात लिहिलंच नाही. म्हणे, त्यात राजकारण येईल आणि कैद्याला राजकारण लिहायची मनाई आहे. इतकी काटेकोर माणसं संस्था चालवायच्या लायकीची नसतात. आमच्याकडे गेल्या गणेशोत्सवात आजी आणि माजी नगरसेवकांपैकी ताम्हण आधी कुणाच्या हातात द्यायचं, या प्रश्नावर चाळीस मिनिटं गेली. शेवटी आरती दोनदा केली. बाप्पा दोन्ही वेळा हजर होते.

प्रवेशाच्या बाबतीत मात्र हे मंदिर उदार होतं. वॉरंट असलं की कुणालाही आत घेत. बाहेर सोडायला तेवढी खळखळ. त्याच १९३० साली, २ मार्चपासून, नाशिकला काळाराम मंदिरापुढे डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला होता. तिथे हजारो माणसं आत जाऊ द्या म्हणत होती आणि दार आतून बंद होतं. आत कोण, तर जो एका शब्दाखातर राज्य सोडून चौदा वर्षं वनात राहिला, शबरीची बोरं खाल्ली, तो. त्याला कुणी विचारलं नसावं. विश्वस्तांच्या बैठकीत देवाला मताधिकार नसतो, ही आमच्याकडचीही घटना आहे.

दोन वर्षांनी पुन्हा येरवडा. २० सप्टेंबर १९३२ ला गांधीजींनी अस्पृश्यांसाठीच्या स्वतंत्र मतदारसंघांच्या विरोधात इथेच उपोषण मांडलं. अंगणात आंब्याच्या झाडाखाली खाट, आणि तिथेच बाबासाहेबांशी बोलणी. २४ तारखेला करार झाला, २६ ला उपोषण सुटलं. त्या करारात कुणाच्या पदरात काय पडलं यावर आजही भांडणं होतात. खजिनदाराने त्यात पडू नये. मी फक्त दारांची नोंद घेतली. उपोषण चालू असताना गावोगावची देवळं भराभर उघडली. उपोषण सुटलं, आणि त्यातली कित्येक परत लागली. बिजागऱ्यांचं काम चोख होतं म्हणायचं.

काळारामाच्या दारात पाच वर्षं काढून बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात धर्मच सोडणार असल्याचं जाहीर केलं. आमच्या भाषेत, सभासदत्वाचा राजीनामा. अशा राजीनाम्याचं कारण कार्यवृत्तात लिहायची पद्धत नाही.

असो. समाधानाची गोष्ट अशी की येरवडा मंदिराचा कारभार अलीकडे सुधारला आहे. गांधीजी इथून २६ जानेवारी १९३१ ला सुटले, आणि बरोबर नव्वद वर्षांनी, २६ जानेवारी २०२१ ला, तुरुंग पर्यटन सुरू झालं. सुरुवातीचे दर : शाळकरी मुलांना ५ रुपये, कॉलेजच्या पोरांना १०, इतरांना ५०. दरपत्रक वाचून माझा ऊर भरून आला. आता दर्शनाची वेगळी रांग आणि प्रसादाचं बंद पाकीट एवढं झालं की शिकवणीची काळजी मिटली.

याच उत्साहात मी आमच्या समितीपुढे प्रस्ताव ठेवला : सभामंडपात गांधीजींच्या अकरा व्रतांच्या अकरा संगमरवरी पाट्या, प्रत्येकीखाली दात्याचं नाव. प्रतिसाद उत्तम आला. अस्वादाची पाटी कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याने घेतली. अपरिग्रहाला तिघांची चढाओढ, लिलाव करावा लागला. अशी रक्कम यापूर्वी कळसालाही आली नव्हती. ब्रह्मचर्याला वयाची पंच्याहत्तरी उलटलेले एक सभासद तयार झाले, पण घरून परवानगी आणतो म्हणाले. शरीरश्रमाची पाटी उचलायला चार हमाल लागतील, असा अंदाज आहे.

राहिली अस्पृश्यतानिवारणाची. अध्यक्ष म्हणाले, “ते केव्हाच झालं की हो. दगड कशाला वाया घालवायचा?” सगळ्यांनी माना डोलावल्या आणि दहा पाट्यांचा ठराव मंजूर झाला.

तेवढ्यात चहा आला. दारात ड्रेनेज उपसायला आलेला माणूस हात धुऊन उभा होता, त्यालाही दिला. आम्ही माणुसकी पाळतो. त्या बैठकीची नोंद माझ्या वहीत अशी आहे : चहा बारा. कपबशा अकरा, कागदी ग्लास एक.